सुट्टीतली बायबल शाळा: दहा दिवस, दीडशे रुपये, चार डबे

जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं खडू झिजवला. त्यामुळे कुणी लेकरांना शिकवतंय म्हटलं की माझे कान टवकारतातच. मे महिन्यात पुण्याहून नातू आणि नात आले. त्यांना चर्चच्या व्हीबीएसला, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेला घातलं. पहिल्या दिवशी सोडायला म्हणून गेलो आणि मग दहाही दिवस मागच्या बाकावर बसलो. गाव जालना जिल्ह्यातलं, तालुक्याचं. चर्चचं नाव लिहीत नाही. थोडं कडूही लिहायचंय, आणि रविवारी उपासनेला मला तिथंच जायचंय.

फी 150 रुपये. त्यात एक रंगीत वही, एक टोपी आणि रोजचा नाश्ता. नाश्त्याला बहुतेक पोहे, दोनदा सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ. सुशीला उत्तम होता, नातवानं तिसऱ्यांदा मागून घेतला. वेळ साडेसात ते अकरा. साडेनऊनंतर लाईट हमखास जायची आणि मग वर पत्रा, खाली साठ लेकरं. पालकांची सही असल्याशिवाय मूल बसवून घेत नव्हते. शेजारच्या गल्लीतली दोन पोरं रंगपेट्या बघून आत शिरली, तर चर्चच्या पाळकसाहेबांनी आधी घरून चिठ्ठी आणा म्हणून परत पाठवलं. हे मला आवडलं.

वही मात्र फुकट गेली. कागद गुळगुळीत, चित्रं झकपक, पण भाषा कुठूनतरी उतरवून घेतलेली. ‘तू खास आहेस’ हे एकच वाक्य पानापानावर. मेंढपाळ गोरापान, मेंढरं कापसासारखी, कुरण गुडघाभर हिरवं. आमच्याकडे मे महिन्यात मेंढरं असतात ती रिकाम्या रानात, खतासाठी बसवलेली, आणि त्यांचा धनी खांद्यावर घोंगडी टाकून बाभळीखाली. नात त्या चित्रात रंग भरत होती आणि खिडकीतून खरा कळप चालला होता. कुणीही बोट दाखवलं नाही.

पण लहान गटाला शिकवणाऱ्या ताईंनी तिसऱ्या दिवशी वही मिटवून ठेवली. विषय होता पेरणाऱ्याचा दाखला, मत्तय 13: पेरणाऱ्याचं बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं, ती येशूची गोष्ट. त्यांनी तेलाचे चार पत्र्याचे डबे कापून आणले होते. एकात माती ओली करून वरवंट्यानं ठोकून घट्ट केलेली, ती वाट. दुसऱ्यात मुरूम आणि वर बोटभर माती. तिसऱ्यात मुळासकट उपटून लावलेलं गाजरगवत. चौथ्यात काळी. प्रत्येक डब्यात लेकरांच्या हातून मूठभर भिजवलेले मूग टाकून घेतले आणि डबे व्हरांड्याच्या कडेला उन्हात ठेवले. गोष्ट नंतर सांगितली.

वाटेवरचे मूग साळुंक्यांनी दुपारपर्यंत साफ केले. आणि आधी उगवलं ते मुरमातलं! शहरातल्या लेकरांनी टाळ्या पिटल्या, मुरूम जिंकला म्हणून. ताई काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी उन्हानं त्या कोंबांच्या माना टाकल्या आणि काळीतले मूग सावकाश वर आले, तेव्हा कुणाला काही सांगावंच लागलं नाही. गाजरगवताचा डबा फसला. गवतच आधी वाळलं आणि मूग मजेत. ताई हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘काट्यांना पण कधी कधी पाणी मिळत नाही.’’ फजिती झाकायला नवा उपदेश जोडला नाही. शिक्षकाला हे जमणं सोपं नाही, माझ्यावरून सांगतो.

गोष्ट संपल्यावर एक पोरगं उठलं. दहा वर्षांचं असेल. आईबाप ऊसतोडीला जातात, तेही सोबत जातं, एप्रिलमध्ये परत आलेलं. म्हणालं, ‘‘बाई, पण त्यानं वाटंवर टाकलंच कामून? तिफणीनं पेरलं असतं तर बी वाटंवर पडलंच नसतं.’’

मी बाकावर सरळ झालो. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरणारा माणूस वाटेवर दाणा सांडू देत नाही, हे ह्या दाखल्याबद्दल मला साठ वर्षांत सुचलं नव्हतं. ताईंनी त्याला गप्प बसवलं नाही. तिकडे त्या काळी मुठीनं बी फेकत चालत जायचे, आपण मेथी वाफ्यात फोकतो तसं, हे सांगितलं. मग त्यालाच पुढे बोलावून फोकून दाखवायला लावलं. त्यानं झोकात दाखवलं. पुढे तीसपट, साठपट, शंभरपट पीक आलं, तर हाच म्हणाला, ‘‘ज्वारीच्या कणसात त्याच्याहून जास्ती दाणे ऱ्हातेत.’’ सगळा वर्ग हसला, ताईसुद्धा.

आता कडू. शेवटच्या दिवशी बक्षिसं होती आणि ती कशावर? लेखी परीक्षेवर. वचनं लिहून काढा, गाळलेल्या जागा भरा. त्या पोराला नीट वाचता येत नाही. येणार कसं, दरवर्षी ऑक्टोबर ते मार्च शाळाच नाही. कोरा कागद देऊन ते टोपी डोळ्यांवर ओढून बसलं. माझ्या नातवाला दुसरं बक्षीस मिळालं, कंपासपेटी. मला ती घरी बघवेना. शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारच्या शाळेची, चळवळ ज्यांनी उभी केली त्यातले रॉबर्ट रेक्स ह्यांनी 1780 मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला वर्ग काढले ते आठवडाभर राबणाऱ्या, शाळेत न जाणाऱ्या पोरांसाठी. रविवारी त्यांना आधी वाचायलाच शिकवायचे. इथं ज्याला वाचता येत नाही तोच रिकाम्या हातानं घरी गेला.

दुसरी तक्रार एका पाहुण्या वक्त्याची. सातव्या दिवशी त्यांनी पाच-सहा वर्षांच्या लेकरांपुढे नरकाच्या आगीचं साग्रसंगीत वर्णन केलं. नात दोन रात्री दिवा मालवू देईना. पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी त्या गृहस्थांचा तास मोठ्या गटाकडे वळवला, माझ्या मते तिथेही नको होता.

गाणी निम्मी हिंदी, स्पीकरवर, हातवारे करून. लेकरं खूश, माझं डोकं उठलेलं. एकदा लाईट गेल्यावर नाइलाजानं पेटी निघाली आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं. टिळकांना जाऊन शंभरावर वर्षं झाली (1919), पण साठ लेकरांनी दुसऱ्याच ओळीला ठेका धरला. आमचं घराणं मूळचं बेथेलचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलं ते. आजोबा शेतातून येऊन हीच भजनं झांजेवर म्हणायचे. त्यामुळे इथं माझा निकाल पक्षपाती समजा.

पाचपैकी साडेतीन. साडेतीनही त्या डब्यांचे, वहीचा त्यात काही वाटा नाही. लेकरांना पाठवणार असाल तर घरची पाण्याची बाटली द्या, रांजणातलं दहापर्यंत संपतं.

पाळकसाहेबांकडे परीक्षेचा विषय काढला. म्हणाले, ‘‘सर, पुढच्या वर्षी पेपर तुम्हीच काढा.’’ काढणार नाही, तोंडी घेईन म्हटलं. बरं म्हणालेत.