एल्कच्या शिकारीची सॅक : उन्हाळ्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा वापर

आपल्याकडे शिकारीला बंदी, त्यामुळे असल्या सॅकबद्दल घरी कुणाला विचारायची सोय नाही. इथे अमेरिकेत, कोलोरॅडोत लायसन्स काढून रीतसर शिकार करता येते, पण मारलेल्या एल्कचं (हे एक मोठ्या जातीचं हरीण) खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर तो गुन्हा. सॅक निवडायची ती या नियमाकडे बघून. जाताना पाठीवर पाणी, डबा, जाकीट आणि सुऱ्या, बस. येताना मोठ्या नराची मागची एक तंगडीच हाडासकट सहज ६० पौंडांवर जाते, आणि चारही तंगड्या आणायच्या असतात.

म्हणून लिटर बघत बसलो नाही, फ्रेम बघितली. माझी ॲल्युमिनियमची आहे. पट्टे सैल केले की पिशवी फ्रेमपासून सुटते आणि मधे मांस ठेवायला जागा होते. हे फार कामाचं आहे. मांस पिशवीच्या तळाशी टाकलं तर ते खाली बसतं आणि सॅक मागे खेचत राहते. फ्रेमला चिकटवून, थोडं वर बांधलं की वजन कमरेवर उतरतं. माप उंचीवरून घेऊ नका. मान वाकवल्यावर वर येणारं हाड ते कमरेच्या हाडाची वरची कड, एवढं अंतर टेपने मोजा.

उन्हाळाभर बासमतीच्या २० पौंडी पिशव्या भरून टेकड्या चढलो. (आईला व्हिडिओ कॉलवर हे दाखवायला नको होतं.) दोन पिशव्यांपर्यंत सॅक छान, तिसरी टाकली की कमरपट्टा घसरायचा. पाठीच्या खालच्या भागाला टेकेल अशी फोमची जाड गादी आतून शिवली, तेव्हा तो जागेवर राहायला लागला. खांद्यांवरच्या बारीक पट्ट्या मात्र चढ-उतार बदलला की अजूनही नव्याने ओढाव्या लागतात.

बाकीचे बदल आवाजाचे. पुढच्या कप्प्याचं वेल्क्रो उसवून बकल लावलं, कारण पहाटेच्या शांततेत ती चर्रकन फाटल्यासारखी खरखर फार लांब जाते. चेनच्या धातूच्या कड्या काढून दोरीच्या गाठी मारल्या. पाण्याची नळी ऑक्टोबरच्या पहाटे गोठते, म्हणून तीही काढून साधी बाटली उलटी ठेवतो. बर्फ वरच्या बाजूने धरतो, तोंड मोकळं राहतं.

नारिंगीचं कुणी सांगत नाही. रायफलच्या सीझनमध्ये कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग लागतो, आणि त्यातच त्या रंगाची टोपीही हवी. जाकिटावर तो असतो, पण सॅक चढवली की पाठ झाकली जाते आणि मागच्या शिकाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. जुन्या व्हेस्टचा अख्खा पाठीचा तुकडा सॅकवर शिवून टाकला. कंपनीने सोबत दिलेलं पावसाचं कव्हर झाडापानांच्या नक्षीचं आहे. ते मी घरीच ठेवतो.

कापडावरचं रक्त गार पाण्याने निघतं, फोममधलं निघत नाही. मांस जाळीदार कापडी पिशव्यांतच ठेवा; प्लॅस्टिकमध्ये बांधलं तर आतली उष्णता कोंडून ते खराब होतं.

रिकामी असतानाही ही सॅक जड आहे. गाडीपासून जवळच हरीण मारून ओढत आणणार असाल, तर एवढी फ्रेम घेऊ नका, साधी डे पॅक पुरते.