फॉगवर सात महिने: पेनड्राइव्ह सुटले, केबल नाही

आमच्या कॉलेजात दोन लॅब, मिळून ६४ मशिनं. त्यातली ४२ जुनी, सहाव्या पिढीच्या आय-थ्रीची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा. म्हणजे या ४२ वर लिनक्सच.

मशिनांवर सिस्टिम चढवायचं काम आधी मी चार पेनड्राइव्ह घेऊन करायचो. एका मशीनला लावायचा, पुढच्याकडे जायचं, चौथ्याला लावेपर्यंत पहिलं कीबोर्डची भाषा विचारत थांबलेलं. तीन दिवस जायचे आणि शेवटी प्रत्येक मशीनवर काही ना काही राहिलेलं असायचंच. दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, आता नेटवर्कवरूनच. त्यासाठी फॉग प्रोजेक्ट हे नेटवर्कवरून सिस्टिम चढवणारं सॉफ्टवेअर निवडलं, कारण ते मुक्त स्रोत आहे आणि पैसे लागत नाहीत. तेच काम करणारं विंडोज सर्व्हरमधलं डब्ल्यूडीएस माहीत होतं, पण त्याला सर्व्हरचं लायसन्स लागतं, आणि विंडोज ११ च्या सेटअपमधली बूट फाइल त्यावरून चालवणं मायक्रोसॉफ्टनेच बंद केलंय.

काम कसं चालतं ते थोडक्यात. मशीन चालू करताना एफ-१२ दाबून नेटवर्क बूट निवडलं की लॅनकार्ड डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सेवेला) विचारतं, माझा आयपी काय आणि बूट कुठून करू. उत्तरात सर्व्हरचा पत्ता आणि एका छोट्या फाइलचं नाव मिळतं. ती फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-पाठवणीने येते, मग फॉगचा मेन्यू दिसतो, मग छोटंसं लिनक्स रॅममध्ये चढतं आणि त्यातला पार्टक्लोन हा प्रोग्रॅम डिस्कवर इमेज लिहायला लागतो. इमेज म्हणजे एका नीट तयार केलेल्या मशीनची नक्कल, तीही फक्त भरलेल्या भागाची. आमची उबुंटू लिनक्स २४.०४ ची इमेज, सिलॅबसची सगळी सॉफ्टवेअरं धरून, ३८ जीबी भरते आणि दाबून १६ जीबी होते.

सर्व्हर म्हणून जुनाच एक आय-फाइव्ह घेतला, ८ जीबी रॅम, डेबियन लिनक्स. फॉगची स्क्रिप्ट चालवली, चार प्रश्नांची उत्तरं दिली, अर्ध्या तासात वेबपान उघडलं. इथपर्यंत लोणी. (पहिलं लॉगिन ‘फॉग’ आणि पासवर्ड चक्क ‘पासवर्ड’ असतो. तो आधी बदला, लॅबमध्ये पोरं बसतात.)

पुढचे चार दिवस मात्र फॉगमध्ये गेलेच नाहीत, फॉगच्या आजूबाजूला गेले. आमचा आयपी इंटरनेटवाल्याने बसवलेल्या राउटरकडून येतो, आणि त्या राउटरमध्ये बूट सर्व्हरचा पत्ता टाकायला जागाच नाही. शेवटी फॉगच्याच मशीनवर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रॉक्सी पद्धतीने लावला. ते आयपी वाटत नाही, राउटरच्या कामात लुडबुड करत नाही, फक्त ‘बूट फाइल इथे आहे’ एवढंच सांगतं. जुन्या बायोसला एक फाइल, यूईएफआयला (बायोसच्या नव्या अवताराला) दुसरी. नवीन मशिनांतली आठ ‘इनिशिअलायझिंग डिव्हायसेस’ वर जाऊन गप्प बसायची. त्यांना एसएनपी-ओन्ली नावाची फाइल दिली तेव्हा चालली. सिक्युअर बूट (सही नसलेली बूट फाइल अडवणारी सोय) बंद करायला प्रत्येक मशीनच्या बायोसमध्ये एकदा हाताने जावंच लागतं, त्यातून सुटका नाही.

आणि जुन्या मशिनांचे सेल! त्या ४२ पैकी अकरांचा बायोसचा सेल संपलेला. दिवसा ठीक, पण रात्री मेन स्विच पाडला की सकाळी तारीख मागे गेलेली आणि नेटवर्क बूट बंद झालेलं. मी दोनदा सेटिंग करून बसलो, तिसऱ्यांदा डोक्यात उजेड पडला. सीआर-२०३२ चे अकरा सेल आणून टाकले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. फॉगमध्ये मल्टिकास्ट आहे: सर्व्हर इमेज एकदाच पाठवतो, सगळी मशिनं एकत्र घेतात. एकेकाला वेगळी पाठवायची तर १४ मशिनांना १६ जीबी म्हणजे २२४ जीबी एकाच वायरीतून. मल्टिकास्टला तेवढेच १६. म्हणून १४-१४ च्या तुकड्या केल्या. पहिली तुकडी मिनिटाला पाच जीबीच्या आसपास लिहीत आठ मिनिटांत मोकळी. मी खूश. दुसरी तुकडी लावली, तर पार्टक्लोनच्या निळ्या पडद्यावर आकडा दीडच्या वर जाईना. चौदाच्या चौदा मशिनांवर तोच आकडा. सर्व्हर बदलून पाहिला असता, तेवढ्यात नजर रॅकवरच्या स्विचकडे गेली. तेरा पोर्टचे दिवे हिरवे, एकाचा नारिंगी. ती केबल पकडत पकडत गेलो तर खिडकीखाली उंदराने कुरतडलेली. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. त्यामुळे त्या मशीनवर नेट चालत होतं आणि वर्षभर कुणी तक्रारच केली नव्हती. मल्टिकास्टमध्ये सगळ्यांना सर्वात हळू गड्याबरोबर चालावं लागतं, म्हणून एका वायरीपायी तेरा मशिनं रांगत होती. नवी वायर टाकली, आकडा परत पाचवर. तेव्हापासून तुकडी लावण्याआधी मी आधी स्विचचे दिवे बघतो, वेबपान नंतर.

मल्टिकास्टची दुसरी खोडी माझ्याच चुकीने कळली. लॅबचा आणि ऑफिसचा स्विच एकमेकांना जोडलेला, दोन्ही साधे. असा स्विच मल्टिकास्ट सगळ्या पोर्टांवर ओततो, कुणी मागितलं असो वा नसो. तिसरी तुकडी चालू असताना ऑफिसमधून क्लार्क मॅडम धावत आल्या, ‘सर, नेट गेलं का हो? स्कॉलरशिपचा फॉर्म अर्ध्यात अडकलाय.’ सुट्टीतही स्कॉलरशिप चालू असते हे मी विसरलो होतो. आता तुकडी लावायची असेल तर दोन्ही स्विचना जोडणारी वायर काढून ठेवतो. गावठी उपाय आहे, पण आयजीएमपी स्नूपिंगवाला (मागेल त्याच पोर्टला मल्टिकास्ट देणारा) स्विच मंजूर होईपर्यंत हाच.

इमेज बनवताना घाई केली तर ती ४२ पटीने भोवते. मी मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड घालायला विसरलो, आणि ते कळलं सगळी मशिनं झाल्यावर. पेनड्राइव्हच्या दिवसांत चुका तरी वेगवेगळ्या असायच्या. इमेज दुरुस्त करून सगळ्यांना परत पाठवली, फिरणं-बघणं धरून तासभर. पेनड्राइव्हने तीच चूक झाली असती तर सुट्टी संपली असती. आता नवी इमेज आधी एका मशीनवर उतरवतो, एका विद्यार्थ्याला दोन तास वापरायला देतो, मगच बाकीच्यांना.

नव्या २२ मशिनांवर विंडोज ११. इमेज घेण्याआधी फास्ट स्टार्टअप आणि बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) बंद, मग सिसप्रेप, म्हणजे त्या मशीनची खास ओळख पुसणारं विंडोजचंच साधन. सिसप्रेप स्टोअरमधल्या कुठल्यातरी ॲपवर अडतं, लॉग वाचून ते ॲप काढायचं, परत चालवायचं. कंटाळवाणं आहे, पण यात फॉगचा दोष नाही.

तक्रार आहे ती वेबपानाची. जुनाट दिसतं, आणि काम अडलं तर कुठे अडलं ते सरळ सांगत नाही, लॉग उकरावे लागतात. शिवाय एफ-१२ च्या मेन्यूत नवीन मशीनची नोंदणी करायला पासवर्ड लागत नाही. सेकंड इयरच्या कुणीतरी एका मशीनची नोंद ‘भाई-नंबर-एक’ अशी केली होती. मी ती महिनाभर तशीच ठेवली.

गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तीन मशिनं बिघडली. चहा होईपर्यंत तिन्ही परत उभी. दहा-बारा मशिनांची लॅब असेल तर एवढा खटाटोप करू नका, पेनड्राइव्हच बरा. वीसच्या वर असतील आणि आपल्या स्विचपर्यंत हात पोचत असेल तर करा. आणि इमेजची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. माझी ऑफिसच्या गोदरेज कपाटात आहे, किल्ली शिपाईमामांकडे.