बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर: काम चोख, पण खोक्यावरचे दावे जरा जास्तच

बरेच दिवस वापरून लिहितोय. मशीन म्हणून चार स्टार बिनधास्त. दोन बारके सेल, एकच बटण, बोट घातलं की थोड्या सेकंदात सॅच्युरेशन (रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय ते) आणि नाडी दोन्ही दिसतं, स्क्रीन अंधारातही नीट वाचता येते. लहान मुलांच्या बोटाला क्लिप ढिली पडते, त्यांच्यासाठी वेगळी मिळते तीच घ्या.

पाचवा स्टार का कापला ते सांगतो. खोक्यावर 'श्वसनाचं संपूर्ण आरोग्य' असं काहीतरी छापलंय, कंपनीचं नाव घेत नाही. अहो संपूर्ण कसलं, नाडी सोडली तर हे यंत्र मोजतं एकच गोष्ट, सॅच्युरेशन. आत दोन एलईडी असतात, एक ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि दुसरा ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड, ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन (रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन) आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी काढतात. नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच हिशोबात धरायचा म्हणजे फक्त धमनीतलं रक्त मोजलं जातं, ही ताकुओ आओयागी या जपानी इंजिनियरची १९७० च्या दशकातली आयडिया, आणि खरंच भारी आहे.

पण टक्केवारी म्हणजे काय? गाडीतल्या १०० सीटपैकी ९८ भरल्यात एवढंच. मुळात गाड्या किती सुटल्यात, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, ते कळत नाही. रक्तातला साधारण ९८ टक्के ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटून जातो, विरघळलेला अगदीच किरकोळ. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं, म्हणजे ज्याचं हिमोग्लोबिन १५ (१०० मिली रक्तात १५ ग्रॅम) आहे त्याच्या तेवढ्या रक्तात २० मिलीच्या आसपास आणि ज्याचं ७ आहे त्याच्यात जेमतेम ९. मशीनवर मात्र दोघांचे ९८! जिना चढताना धाप लागते पण ऑक्सिमीटर नॉर्मल दाखवतो म्हणणाऱ्यांनी एकदा सीबीसी (हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या.

कार्बन मोनॉक्साइडचं तर त्याहून वाईट. बंद खोलीत कोळसा पेटवला किंवा जनरेटर लावला की तो वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि या मशीनला ते ऑक्सिजनवालंच वाटतं. माणूस गुदमरतोय आणि आकडा छान.

आता कार्बन डायऑक्साइड. याचा यात पत्ताच नाही. बसल्या जागी बोट आत ठेवून थोडा वेळ श्वास रोखून बघा, जीव कासावीस होतो तरी आकडा बऱ्याचदा हलत नाही, कारण ती तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. हा गडी प्रवासही वेगळाच करतो, सुमारे ७० टक्के बायकार्बोनेट होऊन जातो, लाल पेशीत कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचं एन्झाइम आहे ते क्षणात हे रूपांतर करतं, काही भाग हिमोग्लोबिनच्या प्रथिनाला चिकटतो (ऑक्सिजनची जागा लोहापाशी, याची वेगळी, त्यामुळे भांडण नाही), उरलेला विरघळून. फुफ्फुसात पोचलं की सगळं उलटं फिरतं आणि उच्छ्वासातून बाहेर. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे कामाला लागलेल्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढलं की हिमोग्लोबिन तिथेच ऑक्सिजन जास्त सोडतं, म्हणजे जिथे गरज तिथे माल उतरतो, कुणी सांगायला लागत नाही. ख्रिश्चन बोरने १९०४ मध्ये हे दाखवलं.

म्हणून जुना सीओपीडीचा (फुफ्फुसांच्या दीर्घकाळच्या आजाराचा) पेशंट घरी ऑक्सिजनवर असेल तर फक्त आकड्यावर विसंबू नका, ९५ दिसत असतानाही कार्बन डायऑक्साइड साठत जाऊ शकतो. पेशंट गुंगीत वाटला, सकाळी डोकं दुखतंय म्हणाला तर डॉक्टरांना कळवा आणि ऑक्सिजनचा फ्लो स्वतःच्या मनाने वाढवू नका. कार्बन डायऑक्साइड कळायला धमनीतल्या रक्ताची एबीजी (रक्तातले वायू मोजणारी) तपासणी लागते.

वापरताना हात गार असतील तर आधी चोळून घ्या, गडद नेलपॉलिश काढा, बोट हलवू नका, आणि पहिलाच आकडा धरू नका, स्थिर होऊ द्या. सावळ्या-काळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो हेही ध्यानात ठेवा. ९० च्या खाली स्थिर दिसायला लागला तर वाट बघत बसू नका, तिथून पुढे ऑक्सिजन भराभर घसरतो. आणि हो, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, आतच गळले की स्प्रिंग गंजते.