दहा महिने टेबल सॉ वापरल्यावर

गेल्या दसऱ्याला मशीन घरी आलं. पूजा आधी झाली, मॅन्युअल नंतर वाचलं. आता श्रावण चालू आहे, म्हणजे दहा महिने झाले. एवढ्या दिवसांत एक देव्हारा, दोन चौरंग, स्वयंपाकघरातल्या मांडण्या आणि बहिणीकडचा दिवाण झाला, तेव्हा आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

10 इंची पात्याचा, घडीच्या स्टँडवर बसणारा टेबल सॉ आहे, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं जागेवर फिरतं आणि लाकूड त्यावर सरकवायचं. मोटार 2000 वॅटची, वजन एकट्याने उचललं तर दुसऱ्या दिवशी कंबर आठवण करून देईल इतकं. किंमत पंचेचाळीस हजारांच्या आसपास पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या सगळ्याच मशीनचा सांगाडा जवळपास सारखा असतो आणि खालच्या तक्रारी कमीअधिक सगळ्यांनाच लागू पडतील.

मी सुतार नाही. नोकरी वेगळी, हा शनिवार-रविवारचा नाद. चिपळूणला घराच्या मागे 10 बाय 14 ची पडवी आहे, तिथे हे सगळं चालतं. आडवं कापायला हातातली सर्क्युलर सॉ पुरायची. फळी उभी चिरायची म्हटली की मात्र जीव जायचा. फणसाची सहा फुटी फळी हाताने चिरून बघा, मग कळेल.

आमच्याकडचे मिस्त्री प्लायच्या टेबलाखाली मार्बल कटर उलटा बसवतात, वर लाकडाचं पातं काढतात आणि स्विच पट्टीने बांधून कायमचा चालू ठेवतात. फर्निचरची अर्धी कामं त्यावर होतात. मीही आधी तेच करणार होतो. पण तो कटर दगडासाठी बनवलेला, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारा. पात्याच्या मागे काही नाही, वर काही नाही, आणि अडचण आली तर स्विचपर्यंत हात न्यायला टेबलाखाली वाकायचं. आमच्या मिस्त्रींची अंगठ्याशेजारची दोन बोटं आखूड आहेत, त्यावर ते स्वतः कधी बोलत नाहीत. माझं मशीन बघून मात्र बोलले, "भाऊ, एवढ्या पैशात माझे दहा कटर आले असते."

घेताना मी मोटारीचे वॅट बघत बसलो. चूक. या आकाराच्या सगळ्या मशीनची मोटार घरच्या कामाला पुरते. बघायची ती फेन्स. लाकूड जिला टेकवून पुढे सरकवायचं, ती बाजूची पट्टी. काही फेन्स फक्त पुढच्या टोकाला आवळतात आणि मागचं टोक मनाला येईल तिकडे जातं. माझी दोन्ही टोकांना दातेरी पट्टीवर चालते, एक चाक फिरवलं की पुढचं-मागचं टोक बरोबर सरकतं. योगायोगाने चांगली मिळाली, अक्कल म्हणून नाही.

तरीही पहिले तीन आठवडे लाकडाची एक कड जळून काळी व्हायची. पात्याला धार नाही असं समजून मी नवीन पातं आणलं, तेही जळायला लागलं. शेवटी प्लग काढला, पात्याच्या एका दातावर मार्करने खूण केली आणि टेबलावर मायटर गेजची (आडवं कापताना लाकूड कोनात धरून पुढे ढकलायचा सरकता टेकू) जी खाच असते तिथून स्टीलपट्टीच्या गुण्याने (काटकोन बघायचं साधन) त्या दातापर्यंतचं अंतर मोजलं. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजलं. तोच दात, हे महत्त्वाचं, कारण पातं स्वतः जरा वाकडं असू शकतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. टेबलाखालचे बोल्ट सैल करून, लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकून पातं सरळ केलं. मग फेन्स त्याच खाचेशी जुळवली. या कामात रविवारची दुपार गेली, पण कड जळणं थांबलं. आपल्याकडे मिस्त्री सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आत. टेबल सॉवर सूतभर फरक म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा.

आता मार्च महिन्यातली गोष्ट. पात्याच्या मागे उभी एक पोलादी पट्टी असते, रायव्हिंग नाइफ म्हणतात तिला. चिरलेलं लाकूड पुन्हा मिटून पात्याला धरू नये म्हणून ती असते. मांडणीला खाच पाडताना संपूर्ण आरपार कापायचं नव्हतं, ती वर येत होती, म्हणून काढून ठेवली. खाचा झाल्या, चहा झाला, आणि आंब्याची फळी चिरायला घेतली. पट्टी खणातच. आंब्याचं लाकूड आतून ताणलेलं असतं, त्यात माझी फळी नीट वाळलेलीही नव्हती. दोन फूट चिरल्यावर कापलेल्या दोन बाजू एकमेकींकडे झुकल्या, पात्याच्या मागच्या दातांनी फळी पकडली आणि माझ्याकडे भिरकावली. मी पात्याच्या रेषेत उभा नव्हतो, डावीकडे होतो, एवढंच शहाणपण शिल्लक होतं. कोपरा मांडीला लागला. तळहाताएवढा काळानिळा डाग तीन आठवडे होता. मागच्या भिंतीला फळी लागून गिलावा निघाला, तो अजून तसाच ठेवलाय. तेव्हापासून पट्टी काढली की मी प्लगही काढतो आणि पट्टी प्लगच्या वायरलाच बांधून ठेवतो. आणि हातमोजे नाहीत. मोजा पात्यात अडकला तर बोटांसकट ओढला जातो.

पात्यांचं प्रकरण कुणी आधी सांगत नाही. माझ्या मशीनचा दांडा 30 मिमी भोकाच्या पात्यांचा. गावात मिळणारी 10 इंची पाती बहुतेक 25.4 मिमी भोकाची. मोठ्या भोकात रिंग घालून लहान करता येतं, लहानाचं मोठं कसं करणार? शेवटी पुण्याहून मागवली. दुसरं, रायव्हिंग नाइफवर तिची जाडी छापलेली असते. पात्याचा काप तिच्यापेक्षा रुंद आणि पात्याचा पत्रा तिच्यापेक्षा पातळ हवा. स्वस्त म्हणून आणलेल्या एका पातळ पात्याने 2.2 मिमीचा काप पडायचा आणि माझी पट्टी 2.3 ची. लाकूड अर्ध्यात जाऊन टच्च अडकायचं, मी जोर लावत राहायचो. सध्या उभं चिरायला 24 दातांचं आणि प्लाय व आडव्या कापाला 60 दातांचं, अशी दोन कार्बाइड पाती ठेवली आहेत. सागाने धार लवकर जाते. सागात सिलिका असते, म्हणजे लाकडासोबत आपण थोडी वाळूही कापत असतो. शिवणीच्या लाकडावर तेच पातं कितीतरी दिवस चालतं.

नुसतं प्लायचं काम असेल तर हे मशीन घेऊ नका. 8 बाय 4 चं 18 मिमीचं प्लाय तीस किलोच्या आसपास भरतं, आणि हे टेबल जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं. एकट्याने ते सरकवणं म्हणजे सर्कस. मी अख्खी शीट जमिनीवर थर्माकोल टाकून सर्क्युलर सॉने आधी ढोबळ कापतो आणि मग टेबल सॉवर मापात आणतो. कपाटंच करायची असतील तर रुळावर चालणारी ट्रॅक सॉ बरी, जागाही लागत नाही.

वीज नीट हवी. 16 अँपिअरचा प्लग आणि 2.5 स्क्वेअर मिमीची वायर स्वतंत्र ओढून घेतली. त्याआधी बारीक एक्स्टेंशनवर लावलं होतं, वायर गरम व्हायची आणि जाड सागात मोटार दम टाकायची. आवाज मिक्सरच्या दहापट, कानाला मफ लागतोच. भुशासाठी मागच्या तोंडाला व्हॅक्यूम लावला तरी तिसरा हिस्सा हवेत उडतो. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, तेव्हा मास्कची टाळाटाळ मी करत नाही.

कोकणातला पाऊस हा वेगळा विषय. वरचं टेबल ॲल्युमिनियमचं असल्याने गंजत नाही, पण पातं वरखाली करणारा स्क्रू आणि फेन्सची दातेरी पट्टी पोलादी. जुलैत त्यांवर तांबूस थर आला. मी हुशारीने तेल घातलं. तेलात भुसा बसून लगदा झाला आणि चाक फिरेना. सगळं रॉकेलने धुतलं, आता तिथे कोरडं मेण घासतो. मायटर गेज खाचेत खुळखुळते, तिला बाजूने टेपचा तुकडा लावलाय. ती मात्र खरोखर टुकार दिली आहे.

बोट लागताच पातं थांबवणारी सॉस्टॉप नावाची मशीन अमेरिकेत 2004 पासून विकली जातात. सेकंदाच्या दोनशेव्या भागात ब्रेक पडतो, ब्रेक आणि पातं दोन्ही बाद होतात. पण आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत, आणि चिंब लाकडावरही ब्रेक पडू शकतो. आमच्या जुलैत दर आठवड्याला एक पातं गेलं असतं!

परवा मिस्त्री आले होते, खिडकीच्या पट्ट्या काढायच्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. कापलेल्या पहिल्या पट्टीला त्यांनी गुण्या लावला, उलटी करून पुन्हा लावला, काही बोलले नाहीत. मग मी पाणी आणायला आत गेलो आणि परत येऊन बघतो तर त्यांचा हात पात्यामागच्या रायव्हिंग नाइफच्या खिटीवर. "ही मधे मधे येते हो."

मी प्लग काढला. म्हटलं, मिस्त्री, तुम्ही चहा घ्या, पट्ट्या मी काढून देतो.