जवळजवळ रिकामं विमान: रांग कोणती, विमान कोणतं आणि जागा कधी बदलायची

१८० सीटांच्या विमानात पंधरा-वीस प्रवासी असले की फरक आधी बोर्डिंगमध्ये जाणवतो. एरवी अर्धा तास चालणारं काम पाच-सात मिनिटांत उरकतं, डोक्यावरचे सामानाचे कप्पे मोकळेच राहतात, आणि तरीही विमान जागचं हलत नाही. याला उशीर समजू नये. वजनाचा अंतिम कागद, म्हणजे लोडशीट, कॉकपिटमध्ये पोहोचायची असते आणि हवाई वाहतूक नियंत्रणाने दिलेली वेळही यायची असते. उलटही घडतं. सगळे प्रवासी आत आले असतील आणि परवानगी मिळाली तर असं विमान ठरल्या वेळेच्या काही मिनिटं आधीच निघतं. त्यामुळे ‘माणसंच कमी आहेत, आपल्यासाठी थांबतील’ या भरवशावर गेटपाशी रमतगमत जाऊ नये. न आलेल्या प्रवाशाची बॅग उतरवावी लागते, आणि विमानाच्या पोटात मोजक्याच बॅगा असल्या की ती लगेच सापडते.

प्रवासाचा अनुभव म्हणून रिकाम्या विमानाला चांगले गुण द्यायला हवेत, पण ते सरसकट नाही. आराम मिळतो तो योग्य विमानातल्या योग्य रांगेत. आणि त्या रांगेत जायचं ते विमान वर गेल्यावरच.

जागा बदलण्याच्या या नियमामागे साधं गणित आहे. भरलेल्या विमानात माणसं सगळीकडे सारखी पसरलेली असतात. हलायला जागाच नसते, म्हणून तोल बिघडवणंही कुणाच्या हातात नसतं. रिकाम्या विमानात तसं नाही. समजा विमानाचं वजन ५० टन आहे आणि आत २० प्रवासी आहेत. प्रत्येकी ८० किलो धरले तर त्यांचं वजन १,६०० किलो होतं. हे सगळे मागच्या रांगांतून उठून २० मीटर पुढे जाऊन बसले, तर विमानाचा गुरुत्वमध्य सुमारे ६४ सेंटिमीटर पुढे सरकतो. एअरबस ए३२०च्या पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरासरी रुंदी सुमारे ४.२ मीटर आहे आणि तोल त्या रुंदीच्या टक्क्यांत मोजतात. म्हणजे हा फरक १५ टक्क्यांचा झाला. टेकऑफच्या आधी वैमानिक शेपटीकडचा आडवा पंख लोडशीटवरच्या आकड्याप्रमाणे लावून ठेवतात. माणसं दुसरीकडे बसली तर तो आकडाच चुकतो; नाक अपेक्षेपेक्षा जड लागतं किंवा लवकर उचललं जातं.

म्हणूनच दरवाजे बंद होण्याच्या सुमाराला क्रू माणसं मोजतो आणि कधी काहींना ‘या रांगांत बसा’ असं सांगतो. केबिनचे दोन-तीन भाग पाडलेले असतात आणि कुठल्या भागात किती डोकी हे लोडशीटवर लिहिलेलं असतं. चांगली विंडो सीट सोडून मधल्या रांगेत जावं लागलं की चिडचिड होते, पण इथे वाद घालण्यात अर्थ नाही. सीट बेल्टचा दिवा विझल्यावर मात्र विचारावं. विमान उंचीवर स्थिरावलं की एकट्यादुकट्याच्या हालचालीची भरपाई यंत्रणा सहज करते, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असंच येतं. उतरण्याआधी मूळ जागी परतायचं का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

आता मुख्य आकर्षण, म्हणजे आडवं होणं. इथे विमानाच्या प्रकाराने सगळा फरक पडतो. बोइंग ७३७मध्ये तीन सीटांची सलग लांबी हातदांडे धरून जेमतेम दीड मीटर भरते. ए३२०मध्ये थोडी जास्त, १५७ सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्यात मध्यम उंचीचं माणूस पाय दुमडूनच मावतं. एका कुशीवर, गुडघे मुडपून तासभर झोप चांगली लागते. त्यापुढे कंबर तक्रार करते. खरी सोय आहे ती चार सीटांच्या मधल्या ओळीत. ए३३०मध्ये बहुधा २-४-२ अशी रचना असते आणि मधल्या चार सीट मिळून दोन मीटरपेक्षा थोडी जास्त लांबी देतात. ३-४-३ रचनेच्या बोइंग ७७७मध्ये सीट अरुंद असतात, तरी चार मिळून दोन मीटरच्या जवळ जातात. ७८७मध्ये ३-३-३ रचना असते, त्यामुळे विमान कितीही आधुनिक असलं तरी झोपण्याच्या बाबतीत ते ए३३०च्या मागे पडतं. दोन-दोन सीटांच्या छोट्या विमानांत, एटीआर असो की एम्ब्राएर, रिकामेपणाचा फायदा शेजारी बॅग ठेवण्यापुरताच.

रांग निवडताना एक चूक अनेकांकडून होते. पाय पसरायला जागा म्हणून ते भिंतीलगतची पहिली रांग किंवा आपत्कालीन दाराची रांग धरतात. पहिल्या रांगेत खाण्याचा ट्रे हातदांड्याच्या पोटात असतो, म्हणून तो दांडा पक्का बसवलेला असतो आणि वर होतच नाही. दाराच्या रांगेतही बहुधा हीच अडचण, शिवाय दारापाशी थंडी जास्त आणि टेकऑफ-लँडिंगला पायाशी बॅग ठेवता येत नाही. दाराच्या लगेच पुढच्या रांगेची पाठ बऱ्याच विमानांत मागे झुकत नाही. अगदी शेवटच्या रांगेत संडासाच्या दाराचा आवाज सतत येतो. पंखावरची किंवा त्याच्या किंचित मागची साधी रांग सर्वांत चांगली, कारण तिथे हेलकावेही कमी जाणवतात.

आतले हातदांडे सरळ वर होतात. वाटेकडचा मात्र अडलेला वाटतो, आणि बहुतेकांना तो पक्काच आहे असं वाटतं. दांड्याच्या खालच्या अंगाला, मागे जिथे तो पाठीला जोडलेला असतो तिथे बोट फिरवून पाहावं. बऱ्याच सीटांवर तिथे एक छोटं बटण किंवा खटका लागतो. तो दाबून धरला की दांडा वर जातो. जोर लावायची गरज पडत नाही. खटका नसेल तर क्रूला विचारावं, उगाच ओढू नये.

आडवं होण्याआधी तिन्ही सीटांचे बेल्ट नीट आवरून ठेवावेत, कारण झोप मोडते ती धातूच्या बक्कलांमुळे. कडेच्या दोन सीटांची बक्कलं पाठ आणि बैठक यांच्या फटीत खोचावीत. मधल्या सीटचा बेल्ट पूर्ण सैल करून कमरेभोवती घ्यावा आणि पांघरुणाच्या वरून लावावा. तो दिसत असला की हवा खराब झाल्यावर तपासणीसाठी क्रूला उठवावं लागत नाही. बेल्ट न लावता आडवं होणं हा या प्रवासातला सर्वांत वाईट निर्णय. अचानक आलेल्या धक्क्यात झोपलेलं माणूस आधाराला काही धरू शकत नाही. डोकं खिडकीच्या बाजूला ठेवावं, पण भिंत गार असते म्हणून मध्ये उशी हवी. वाटेकडे डोकं ठेवलं तर ट्रॉलीचा कोपरा लागतो, आणि पाय वाटेत लोंबकळले तरी तोच धोका.

उड्डाणाबद्दल एक समज असा की हलकं विमान रॉकेटसारखं सुटतं. तसं होतंच असं नाही. वजन कमी असलं की वैमानिक इंजिनाची पूर्ण ताकद न वापरता ठरलेल्या मर्यादेत ती कमी करतात. इंजिनाची झीज त्यामुळे कमी होते. म्हणून धावपट्टीवरचा जोर बऱ्याचदा नेहमीसारखाच वाटतो. धावपट्टी आखूड असेल किंवा वाऱ्याचा वेग आणि दिशा अचानक बदलण्याची शक्यता असेल तर मात्र पूर्ण ताकद लावतात, आणि तेव्हा पाठ सीटला चिकटते. नाक बरंच वर राहतं आणि कानांना लवकर दडे बसतात. बाळं बरोबर असतील तर दूध किंवा पाणी हाताशी ठेवावं.

हेलकावे हा या अनुभवाचा उणा भाग. पंखाचं क्षेत्रफळ तेवढंच, पण त्यावरचं वजन कमी. त्यामुळे तोच वाऱ्याचा झोत हलक्या विमानाला जास्त उचलतो. भरलेलं विमान ज्या हवेतून जरा थरथरत जातं, तिथे रिकामं विमान स्पष्ट हिंदकळतं. त्यात धोका नाही, पण पोटाला कळतं. मळमळणाऱ्यांनी पंखाजवळची जागा सोडू नये. उतरताना वेग कमी असतो: वजन तीन चतुर्थांशावर आलं तर उतरण्याचा वेग सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. त्याच वेळी हलकं विमान धावपट्टीवर तरंगत राहू पाहतं, म्हणून वैमानिक ते ठामपणे टेकवतात. असा धपकन टेकलेला स्पर्श म्हणजे वाईट लँडिंग नव्हे.

आतल्या हवेकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण फरक मोठा आहे. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. १८० माणसं म्हणजे १८ किलोवॅट. वीस माणसं म्हणजे फक्त दोन. तापमान यंत्रणा सांभाळते, तरी दारांजवळ आणि पायाशी गारवा राहतो. शिवाय केबिनमधला ओलावा मुख्यतः प्रवाशांच्या श्वासातून आणि घामातून येतो. एरवीच तो १०-२० टक्क्यांवर असतो. माणसं कमी झाली की आणखी उतरतो. घसा आणि डोळे कोरडे पडतात. मोजे, एक जाडसर थर आणि स्वतःची पाण्याची बाटली एवढी तयारी ठेवावी. पांघरूण मागायला संकोच करू नये, आज दोन मिळतात.

सेवेला भरघोस गुण. केबिन क्रूची किमान संख्या प्रवाशांवर नाही, सीटांवर ठरते. साधारण नियम ५० सीटांमागे एक असा आहे, म्हणून १८० सीटांच्या विमानात आत दहाच माणसं असली तरी चार जण असतात. पाणी मागताच येतं आणि संडास शेवटपर्यंत स्वच्छ राहतो. खाण्याचं मात्र उलट. तिकिटात जेवण धरलेलं असेल तर ताटं बुकिंगच्या आकड्यानुसार चढवलेली असतात, वर चार-दोन जादा. विमान रिकामं म्हणजे जेवण उरलेलं, हा अंदाज चुकतो. वेगळ्या प्रकारचं जेवण हवं असेल तर ते आधीच नोंदवायला हवं. वरच्या वर्गात आपोआप बसवतील ही आशाही ठेवू नये. तिथल्या सीट रिकाम्या गेल्या तरी कंपन्या त्या सहसा वाटत नाहीत.

असं विमान आधी ओळखायचं कसं? सीटांच्या नकाशावर विसंबू नये. नकाशात मोकळी दिसणारी सीट विकलेली असू शकते, फक्त प्रवाशाने ती अजून निवडलेली नसते. आणि भरलेली दिसणारी सीट कंपनीने तोलासाठी अडवून ठेवलेली असू शकते. वेब चेक-इन बंद होण्याच्या सुमारास पाहिलेला नकाशा त्यातल्या त्यात खरा. आठवड्याच्या मधल्या दिवसांची दुपार, सणाच्या दिवसाची सकाळ आणि गर्दी ज्या दिशेने जाते तिच्या उलट दिशेचं विमान, या वेळा धराव्यात. जोखीमही आहे. त्याच मार्गावर दिवसात चार-पाच फेऱ्या असतील तर रिकामी फेरी रद्द करून प्रवासी पुढच्या विमानात टाकणं कंपनीला परवडतं. पुढचं विमान गाठायचं असेल तेव्हा दिवसातली एकच फेरी असलेला मार्ग जास्त भरवशाचा.

रिकामी विमानं उडतातच का, याची कारणं बहुधा प्रवाशांशी संबंधित नसतात. तेच विमान पुढच्या शहरातून भरून निघणार असतं किंवा पोटात माल असतो. मोठ्या विमानतळांवर कंपनीला मिळालेल्या उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळांपैकी ८० टक्के वापरल्या नाहीत तर त्या हातच्या जातात. युरोपीय संघाने ही अट मार्च २०२०मध्ये स्थगित केली आणि नंतर कमी टक्क्यांनी परत आणली. तरीही डिसेंबर २०२१मध्ये लुफ्तांझाने त्या हिवाळ्यात १८ हजार अनावश्यक उड्डाणं करावी लागतील असं सांगितलं होतं. इंधनाची बचतही फार होत नाही. वाहून नेलेल्या जादा वजनाच्या तीन-चार टक्के इंधन दर तासाला जादा जळतं. म्हणजे १५ टन कमी असले तर तासाला अर्ध्या टनाच्या आसपास वाचतं, तर ए३२० एरवी तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन पितं. माणशी हिशेब केला तर हा प्रवास फार महागडा आहे, आणि ते मला खटकतं.

रिकामेपणा विकतही मिळतो. एअर न्यूझीलंडच्या ‘स्कायकाउच’मध्ये तीन सीटांचे पायटेकू वर येऊन सलग बैठक तयार होते, जोडप्याला किंवा लहान मुलासह प्रवासाला ती उपयोगी, उंच माणसाला नाही. लुफ्तांझाने २०२१मध्ये लांब पल्ल्यावर पूर्ण रांग एका प्रवाशाला देणारी ‘स्लीपर्स रो’ आणली, सोबत उशी, पांघरूण आणि गादी. रात्रीच्या दहा-अकरा तासांच्या प्रवासाला पैसे मोजावेत, दिवसाच्या नाही.

उतरताना पुन्हा तोलाचाच प्रश्न येतो. लांब विमानात पुढची माणसं आणि पुढचं सामान आधी उतरलं आणि मागे वजन राहिलं, तर उभं विमान शेपटीवर बसू शकतं. काही विमानांच्या शेपटीखाली म्हणूनच आधाराचा खांब लावतात. मागच्या दारापाशी घोळक्याने उभं न राहता क्रू सांगेल त्या क्रमाने निघावं. फटीत खोचलेले बेल्ट बाहेर काढून सीटवर ठेवावेत, पुढच्या फेरीच्या प्रवाशाला ते शोधावे लागू नयेत.