विल्यम गोल्डमनचं ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन द स्क्रीन ट्रेड’: पटकथा आधी, किस्से मागून

लेखकांच्या आठवणी वाचून पटकथा शिकता येते का? बहुतेक वेळा नाही. आठवणींमध्ये मानधन असतं, मानापमान असतात, कोण कुणाशी कसं वागलं हे असतं. सीन कसा उभा राहिला तेवढं नसतं. हॉलिवूडचा पटकथाकार विल्यम गोल्डमन याचं 1983 सालचं हे पुस्तक त्याला अपवाद आहे. पण सुरुवातीलाच स्टार, स्टुडिओवाले, निर्माते आणि एजंट यांच्यावरची चुरचुरीत प्रकरणं आहेत. बरेच वाचक त्यातच रमतात, ‘इथे कुणालाच काही कळत नाही’ हे गाजलेलं वाक्य उचलतात आणि पुस्तक मिटतात. खरा माल त्यापुढे आहे.

आधी हे वाक्य निकालात काढू, कारण आपल्याकडेही ते सर्रास चुकीच्या ठिकाणी वापरलं जातं. गोल्डमनचा मुद्दा एवढाच आहे की चित्रपट लागण्याआधी तो चालेल की नाही हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. पुढे तुफान चाललेला ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ पॅरामाउंट सोडून बाकी सगळ्या स्टुडिओंनी नाकारला होता, हा त्याचा दाखला. याचा अर्थ पटकथेचं तंत्रच नसतं असा होत नाही. तसं असतं तर उरलेलं पुस्तक लिहायचं त्याला कारण नव्हतं.

गोल्डमन मुळात कादंबरीकार. पटकथेचं पहिलं काम मिळालं तेव्हा पटकथा दिसते कशी हेही त्याला माहीत नव्हतं. रात्री उशिरा टाइम्स स्क्वेअरच्या दुकानातून त्याने त्यावरचं पुस्तक पैदा केलं. ‘चार्ली’ या चित्रपटावरून त्याला काढून टाकलं, दुसऱ्या लेखकाने तो लिहिला आणि त्यातल्या नायकाला ऑस्कर मिळालं. पुढे गोल्डमनला स्वतःलाही दोन ऑस्कर मिळाले: ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ (1969) आणि ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (1976). त्यातली ‘बुच’ची पटकथा 4 लाख डॉलरला विकली गेली, त्या काळातली विक्रमी रक्कम. 2018 साली तो गेला.

आता वाचायचं कसं. पुस्तकात ‘बुच कॅसिडी’ची, म्हणजे बुच आणि सनडान्स या दोन दरोडेखोर मित्रांच्या गोष्टीची, पटकथा पूर्ण छापलेली आहे. सुरुवात तिथून करा. चित्रपट आधी पाहिला असला तरी चालेल, नसला तर उत्तम. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक सीनच्या समासात दोनच गोष्टी लिहा: सीन सुरू झाला तेव्हा कुणाला काय हवं होतं, आणि संपला तेव्हा काय बदललं. एका बैठकीत होत नाही, तीन-चार संध्याकाळी धरून चाला.

सुरुवातीचेच दोन सीन बघा. बुच एका बँकेची पाहणी करतोय. दारं, कुलपं, गज, सगळं नवं आणि मजबूत. तो रखवालदाराला विचारतो की जुनी बँक किती देखणी होती, तिचं काय झालं. लोक सारखे लुटायचे, असं उत्तर येतं. सौंदर्यासाठी एवढी किंमत काही जास्त नाही, असं म्हणून बुच निघतो. चार ओळींत तीन कामं झाली: हा दरोडेखोर आहे, गोड बोलणारा आहे आणि त्याचा काळ संपत आलाय. ‘काळ बदलतोय’ असं कुणीही तोंडाने म्हटलेलं नाही, ते कुलपांनी सांगितलं.

लगेच पत्त्यांचा डाव. सनडान्सवर लबाडीचा आरोप होतो, समोरचा माणूस पिस्तूल काढायच्या बेतात. सनडान्स उठायला तयार नाही. आम्हाला थांबायला सांगा, मग आम्ही जातो, असली त्याची अट. मध्यस्थी करणारा बुच बोलता बोलता त्याचं नाव घेतो आणि आरोप करणाऱ्याचा नूर पालटतो. तो मुकाट्याने ‘थांबा की’ म्हणतो. जाता जाता ‘तू कितपत चांगला आहेस?’ असं विचारल्यावर सनडान्स गोळ्या झाडून त्याचा कंबरपट्टा जमिनीवर पाडतो. एक बोलतो, दुसरा गोळी चालवतो. पुढचा अख्खा चित्रपट या वाटणीवर चालतो. नवशिके इथे हमखास चुकतात: आधी दोघांची ओळख करून देणारे संवाद, मग नावाचा दरारा सांगणारं तिसरं पात्र, आणि शेवटी कुठेतरी गोळी. गोल्डमनने नाव मागे ठेवलंय, म्हणून ते फुटतं तेव्हा काम करतं.

पटकथा संपली की मग तिच्यावरचं त्याचं विवेचन. हा पुस्तकाचा सगळ्यात पौष्टिक भाग. खऱ्या इतिहासात बुचला कळलं की रेल्वे कंपनीने आपल्यामागे निवडक शिकाऱ्यांची तुकडी लावलीय, आणि तो सरळ दक्षिण अमेरिकेला निघून गेला. हे वास्तव पडद्यावर पळपुटेपणा दिसलं असतं. वेस्टर्नचा, म्हणजे घोडे-बंदुकांच्या काउबॉयपटाचा, नायक पळून जात नाही, हा प्रेक्षकाचा पक्का समज. मग गोल्डमनने पाठलाग रचला: चेहरे न दिसणारी माणसं, रात्री कंदिलांचे ठिपके, खडकावरूनही माग न चुकणारा माग्या. एकेक युक्ती फसत जाते आणि ‘कोण आहेत हे लोक?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. वीस मिनिटांहून जास्त हा पाठलाग चालतो. तो लांबला असं वाटेल, पण मोजून बघा: त्यातला कुठला टप्पा काढला तरी ‘आता पळणंच शहाणपणाचं’ हे प्रेक्षकाला पटेल? अडचण नेमकी काय होती आणि तिच्यावर उपाय काय केला, हे असं उघडं करून सांगणारे लेखक थोडे. स्वतःच्या पटकथेतला दोषही तो सांगतो: संवादांत चलाखी जरा जास्तच झालीय. वाचताना तुम्हालाही ते टोचलं असेल तर पेन्सिल बरोबर चाललीय.

मराठी-हिंदीत लिहिणाऱ्याला या पुस्तकात जी गोष्ट मुळीच सापडणार नाही ती म्हणजे मध्यंतर. गोल्डमनला त्याची गरजच नव्हती. तरी ‘बुच’ची रचना गंमत म्हणून तपासा. पाठलागाच्या शेवटी दोघं कड्यावर अडकतात, सनडान्सला पोहता येत नाही हे तिथे कळतं, आणि ते नदीत उडी मारतात. हे साधारण तासाभराने येतं. त्यानंतर बोलिव्हियाकडचा प्रवास स्थिरचित्रांतून उरकलाय. म्हणजे दिवे लावायची जागा आयती तयार आहे. अशी जागा ओळखायची सवय लागली की ‘इंटरव्हल पॉइंट’च्या नावाखाली एखादा धक्का आणून चिकटवायची वेळ येत नाही.

तंत्रावरच्या छोट्या प्रकरणांतला एक नियम लगेच वापरण्यासारखा आहे: सीनमध्ये जमेल तितक्या उशिरा शिरा. आपल्या मालिकांमुळे हात उलटा वळलेला असतो. बेल वाजते, दार उघडतं, ‘अगं बाई, तू!’, ‘ये ना, बस’, पाणी येतं, चहाचं विचारणं होतं, आणि दीड पानानंतर पाहुणी म्हणते की दादाने घर विकलं. शेवटच्या वाक्यापासून सीन सुरू करा. ‘दादाने घर विकलं,’ आणि समोर न प्यायलेला चहा. दोन तासांच्या पटकथेत साठ-सत्तर सीन धरले आणि प्रत्येकी अर्धं पान वाचलं, तर तीस पानं मोकळी झाली. सावधगिरी एकच. ज्या सीनमध्ये पाहुणचार हाच ताण आहे, म्हणजे नको असलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणावं लागतंय, तिथे ही कात्री चालवू नका.

‘हार्पर’ (1966) या चित्रपटाची श्रेयनामावली चालू असताना काहीतरी दाखवायला हवं, म्हणून त्याने लिहिलेला तुकडाही असाच. खाजगी गुप्तहेर सकाळी उठतो. कॉफी संपलेली. कचऱ्याच्या डब्यात कालचा चोथा दिसतो. क्षणभर थांबतो, मग तोच उचलून पुन्हा कॉफी करतो आणि पहिल्या घोटाला तोंड वेडंवाकडं करतो. शब्द एकही नाही. पैशांची तंगी, एकटेपणा आणि निर्लज्ज विनोदबुद्धी, तिन्ही गोष्टी नावं संपायच्या आत कळतात. व्यक्तिरेखेची दोन पानी टिपणं लिहून प्रसंग कोरडे ठेवणाऱ्यांनी हा उतारा भिंतीवर लावावा.

‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’वरच्या प्रकरणात रचनेचा धडा आहे. मूळ पुस्तक अध्यक्ष निक्सनला पायउतार करणाऱ्या वॉटरगेट प्रकरणावरचं, शेवट सगळ्या अमेरिकेला ठाऊक. गोल्डमनने उत्तरार्ध सरळ टाकून दिला आणि ते उघड करणाऱ्या दोन्ही पत्रकारांकडून निक्सनचा उजवा हात हाल्डमन याच्या बातमीत चूक होते तिथे कथा संपवली. पुढचं प्रेक्षकाला माहीतच आहे. कादंबरी किंवा चरित्रावरून लिहिताना आपल्याकडे उलट घडतं: लोकप्रिय पुस्तकातला एकही प्रसंग सुटू नये म्हणून सगळे कोंबले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. याच चित्रपटासाठी त्या दोघांपैकी खुद्द बर्नस्टीन आणि लेखिका नोरा एफ्रन यांनी दुसरी पटकथा लिहिली होती, त्यावरून झालेला मनस्तापही इथे आहे. तो वाचायला चविष्ट, पण शिकण्यासारखं त्यात फारसं नाही.

अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरच्या ‘द राइट स्टफ’चं प्रकरण मात्र सोडू नका. वैमानिक चक येगरला गोल्डमनने गाळलं होतं, दिग्दर्शक फिलिप कॉफमनला तो हवाच होता. गोल्डमन बाहेर पडला. चित्रपट पुस्तकाच्याच वर्षी, 1983 साली आला, येगरसह. प्रकरण वाचून झाल्यावर चित्रपट बघा आणि कुणाचं बरोबर होतं ते स्वतः ठरवा. आमच्या मते या भांडणात लेखक हरला ते बरंच झालं.

आता सरावाचा भाग. गोल्डमनने स्वतःची ‘दा विंची’ ही लघुकथा दिलीय, केस कापण्यात कलावंत असलेल्या एका कारागिराची. मग तिची पटकथा, मग कलादिग्दर्शक टोनी वॉल्टन, छायालेखक गॉर्डन विलिस, संकलक डीडी अ‍ॅलन, संगीतकार डेव्ह ग्रुसिन आणि दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल यांच्या मुलाखती. कथा संपली की पुस्तक बंद करा. आधी कागदावर उत्तरं लिहा: गोष्ट कशाबद्दल आहे? खरोखर कशाबद्दल आहे? काळ किती? सांगतंय कोण? कुठे घडते? माणसं कोण? आणि काहीही झालं तरी काय सोडायचं नाही? हे प्रश्न त्याचेच आहेत. उत्तरं एका पानात बसली नाहीत तर कथा अजून हाती आलेली नाही. मग तुमची पटकथा लिहा, आणि त्यानंतरच त्याची उघडा.

इथे गंमत होते. कथेत ‘त्याने केस अप्रतिम कापले’ हे एका वाक्यात भागतं. पडद्यावर अप्रतिम कटिंग आणि बरी कटिंग यातला फरक दाखवायचा कसा? हिलने या पटकथेची मुळीच गय केलेली नाही, आणि गोल्डमनने ती टीका तशीच छापलीय. यासाठी मात्र त्याला दाद द्यावी लागते. हाच व्यायाम आठ-दहा पानांच्या मराठी कथेवर करा. निवेदनावर चालणारी कथा निवडलीत तर जास्त घाम निघेल आणि जास्त शिकाल.

काय उचलू नये तेही सांगायला हवं. गोल्डमनची मांडणी नियमाबाहेरची आहे. जागोजागी ‘कट टू’, कॅमेरा कुठे आहे हे सांगणारं वाहतं गद्य, मधेच वाचकाशी गप्पा. त्याच्या नावावर ते खपून गेलं. नव्या लेखकाने तसं लिहिलं तर वाचणारा तिसऱ्या पानावर थांबेल. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोबही इंग्रजी कुरियर 12 टाइपचा. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींतलं अंतर बदललं की तो कोसळतो, त्यात आपल्याकडे संवाद मराठीत आणि बाकी मजकूर इंग्रजीत अशी भेळही असते. पान मोजू नका, घड्याळ लावून सीन मोठ्याने वाचा.

धंद्याची माहिती जुनी झालीय, ओटीटी वगैरे यात असणं शक्यच नाही. श्रेय कुणाला द्यायचं हे तिकडे लेखकांची गिल्ड ठरवते. आपल्याकडे ते बरंचसं करारातल्या कलमावर अवलंबून असतं, म्हणून तो भाग वाचून निर्धास्त होऊ नका. नॅरेशनला, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवायला, जाण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंदणी करा. नुसती ‘वन लाइन’, म्हणजे थोडक्यात कथाकल्पना, ऐकवून आलात तर नंतर सिद्ध करायला हातात काही नसतं. मीटिंगांवरची प्रकरणं मात्र आजही तंतोतंत लागू पडतात. समोरच्याला ‘आवडलं, पण...’ म्हणायचं असतं तेव्हा तो काय काय बोलतो, हे बांद्र्यात आणि हॉलिवूडवाल्यांच्या बर्बँकमध्ये सारखंच.

पुढचा भाग 2000 साली आला, ‘व्हिच लाय डिड आय टेल?’. पहिल्याइतका घट्ट नाही, पण स्टीफन किंगच्या कादंबरीवरून केलेल्या ‘मिझरी’ या चित्रपटावरचं प्रकरण त्यात आहे. कादंबरीत कोंडून ठेवलेल्या लेखकाचं पाऊल त्याची वेडी चाहती तोडते. गोल्डमन त्या प्रसंगावर अडून बसला होता, हिलने त्यावरूनच चित्रपट सोडला. शेवटी घोटे फोडण्यावर भागलं आणि आपण चुकलो होतो हे गोल्डमननेच लिहून ठेवलंय. पाऊल गेलं असतं तर नायकाच्या शेवटच्या विजयाला चवच उरली नसती.

पाचपैकी चार. एक गुण गप्पिष्टपणासाठी कापला. इंग्रजी बोलीभाषेतलं आहे, त्यामुळे शब्दकोश क्वचितच लागेल, पण अमेरिकन नावांचा भडिमार सोसावा लागतो; अनोळखी नट आला की पुढे सरका. घेताना अनुक्रमणिका बघा, ‘बुच’ची पूर्ण पटकथा आणि ‘दा विंची’ दोन्ही त्यात हवेत. जुनी प्रत मिळाली आणि आधीच्या मालकाने समासात पेन्सिल चालवलेली असेल, तर आधी सगळं खोडून टाका. त्याच्या खुणा दिसल्या की तुमच्या स्वतःच्या पडत नाहीत.