लादीखाली कोणती पिशवी: साधी, लॅटेक्स घातलेली, पॉलिमरची की झटपट सुकणारी?

लादी निवडण्यात घरच्यांचे दोन रविवार जातात. ती चिकटवायची कशाने, म्हणजे टाइल अॅडहेसिव्हची (लादी चिकटवायच्या तयार मसाल्याची) कोणती पिशवी आणायची, हे मात्र मिस्त्री दुकानात परस्पर ठरवून येतो. गेल्या वर्षी गोरेगावला माझ्या भावाच्या बाथरूममधली चार बाय दोनची लादी पहाटे भिंतीवरून सुटून पडली. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. उलटी करून पाहिली तर पाठ कोरी, जणू आत्ताच खोक्यातून काढलेली. मसाला सगळा भिंतीवरच राहिला होता, लादीला तो लागलाच नव्हता.

कारण लादीच्या जातीत आहे. भिंतीच्या जुन्या सिरॅमिक लाद्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पितात. सिमेंट त्यांच्या छिद्रांत शिरून पकड घेतं. व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. तिथे छिद्रंच नाहीत, म्हणून पकड पॉलिमरला, म्हणजे मसाल्यात मिसळलेल्या प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थाला घ्यावी लागते.

साध्या पिशवीत सिमेंट, बारीक रेती आणि चिमूटभर सेल्युलोज ईथर असतं. हे ईथर पाणी धरून ठेवतं. त्यामुळे कोरडी भिंत मसाल्यातलं पाणी ओढून घेत नाही आणि चार-पाच मिलिमीटरच्या थरातही सिमेंट नीट पिकतं. बदल्यात ते सेटिंग थोडं लांबवतं. लहान सिरॅमिक लादी आणि नवा गिलावा असेल तर ही पिशवी पुरेशी आहे, उगाच जास्त पैसे घालू नका.

पॉलिमरच्या पिशवीत याखेरीज व्हिनाइल अॅसिटेट-इथिलीनसारखी पावडर असते. पाण्यात कालवली की तिचं दूध होतं, आणि पाणी निघून जाईल तसे तिचे कण जुळून सिमेंटच्या जाळीत लवचीक पापुद्रा तयार होतो. घोळ होतो तो इथेच. सिमेंटला पिकायला पाणी हवं, तर पापुद्रा जमायला पाणी गेलेलं हवं. सिमेंटपुरतं पाणी ईथरने आत धरलेलंच असतं. म्हणून गिलाव्यावर मारतो तसं या कामावर पाणी मारू नका. मिस्त्री सवयीने मारतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

या मसाल्यांची युरोपीय मानकाची चाचणी २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत होते. जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर ओली असते. त्यात खाली वॉटरप्रूफिंगचा थर, वर व्हिट्रिफाइड लादी, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला फक्त सांधे उरतात. पिशवीवर २४ तासांनी ग्राउट (सांध्यांत भरायचा मसाला) भरा असं लिहिलेलं असलं, तरी मोठ्या लाद्यांना पावसाळ्यात मी दोन-तीन दिवस देतो आणि मगच सांधे बंद करतो.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा पर्याय: साधी पिशवी घ्यायची आणि पाण्याऐवजी लॅटेक्स, म्हणजे डब्यात मिळणारं दुधासारखं पातळ पॉलिमर घालायचं. एसबीआर (एक कृत्रिम रबर) किंवा अॅक्रिलिक लॅटेक्समध्ये खोट नाही. एसबीआर पाण्यालाही चांगलं टिकतं. पण प्रमाण घमेल्यापाशी बसलेल्या माणसाच्या हातात जातं. डबा संपत आला की पाणी वाढतं आणि एका भिंतीवर तीन तऱ्हेचा मसाला लागतो. आधीच पॉलिमर असलेल्या पिशवीत ते मनाने ओतलं तर मसाला उशिरा आवळतो आणि मऊ राहतो. त्या पिशवीसाठी कंपनीनेच जोडीचं लॅटेक्स सांगितलं असेल तरच घ्या. एरवी कारखान्यात मोजून मिसळलेली पावडर मला जास्त भरवशाची वाटते.

झटपट पिशवीत कॅल्शियम फॉर्मेट किंवा अॅल्युमिना सिमेंट असतं. तीन-चार तासांत लादीवर पाय ठेवता येतो. घरात एकच संडास असेल तर याला तोड नाही. पण कालवलेला मसाला अर्ध्या तासात संपवावा लागतो, मेच्या उकाड्यात त्याहून लवकर. एकट्या मिस्त्रीला हे झेपत नाही. मसाला लवकर आवळावा म्हणून सुटं मिळणारं सेटिंगचं पाणी यात घालू देऊ नका. त्यात कॅल्शियम क्लोराइड असलं तर ते स्लॅबच्या सळईला गंज आणतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत सळया आधीच सोसत असतात.

पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि प्रकार बघा, १ ते ५. युरोपीय खूण असेल तर सी१ म्हणजे चौरस मिलिमीटरला किमान ०.५ न्यूटन पकड आणि सी२ म्हणजे १ न्यूटन. पुढे टी असेल तर भिंतीवर लादी घसरत नाही, ई असेल तर थर पसरल्यावर लादी बसवायला ३० मिनिटं मिळतात. चार बाय दोनच्या व्हिट्रिफाइडला किंवा जुन्या लादीवर नवी लावायला सी२ टीई घ्या. जुन्या लादीवर प्रायमर लागेल का, तेही पिशवीवर वाचा.

इतकं करूनही काम घमेल्यात बिघडू शकतं. पाणी मोजून घाला. कालवल्यावर पाच मिनिटं राहू द्या, ईथर तेवढ्यात विरघळतं, मग पुन्हा ढवळा. घट्ट झालेल्या मसाल्यात पाणी नको आणि पिशवी पुरवायला वरून सिमेंटही नको, त्याने पॉलिमरचं प्रमाणच मोडतं. पसरलेल्या थराला बोट लावा. बोटाला मसाला लागला नाही तर वर साय धरली आहे, तो थर खरवडून टाका.

भावाकडे दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा सी२ टीई घेतलं आणि मिस्त्रीकडून पहिलीच लादी बसवल्या बसवल्या उपटून घेतली. पाठ मसाल्याने पूर्ण भरलेली दिसली, मग पुढच्या लावायला सांगितल्या.